नर्मदेच्या वाळूवर एक दिवस

सहलीचे वर्णन लिहायचे म्हणजे “पहाटे पाच वाजता आमची गाडी सुटली” या वाक्याने सुरुवात करायची, असा आपल्या वार्षिकांकाचा अलिखित दंडक आहे. आमचीही गाडी पहाटे पाचलाच सुटली. (खरे म्हणजे पावणेसहा झाले होते; पण ते असो.) मात्र ती बेळगावहून सुटली नाही आणि गोव्याकडेही गेली नाही. ती सुटली मध्य प्रदेशातल्या सिमरोल नावाच्या गावाहून, आणि गेली वाळू पाहायला. वाळू पाहायला कोणी गाडी करून जाते काय, असे आपण विचाराल. आमच्या घरच्यांनीही फोनवर हेच विचारले होते.

सिमरोल हे इंदूरच्या दक्षिणेला, खांडव्याच्या रस्त्यावर, सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे. इंदूरची भारतीय प्रौद्योगिकी संस्था २००९ मध्ये सुरू झाली आणि पुढे तिने आपले बिऱ्हाड या गावाच्या माळावर थाटले. उन्हाळ्याच्या सुटीत तिथल्या प्रयोगशाळेत आठ आठवडे उमेदवारी करण्याची संधी मला आणि माझ्या वर्गमित्राला मिळाली. हा माझा मित्र घरी कानडी बोलतो, मी मराठी. बेळगावात असताना आम्हा दोघांना ‘हा अमक्या भाषेचा’ म्हणून ओळखले जाते. सिमरोलला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघेही नुसते ‘साउथवाले’ झालो. मराठी माणसाला ‘साउथवाला’ म्हणवून घेण्याचा योग इतरांना सहसा येत नाही, तो मला आला.

तिथे आमची दोघांशी गट्टी जमली. एक इंदूरकर. त्याचे घराणे होळकरांच्या वेळेपासून माळव्यात आहे, घरी मराठी चालते. पण ती मराठी ऐकताना आपण हिंदी ऐकतो आहोत की मराठी, असा क्षणभर भ्रम होतो. दुसरा राजस्थानातल्या बाडमेरचा. हा अबोल. माळव्याच्या काळ्या मातीकडे तो परक्या मुलखाकडे पाहावे तसा पाही. एका रात्री गच्चीवर बसलो असताना तो एकदम म्हणाला, “दीड महिना झाला, पायाखाली रेती लागली नाही.” आम्हाला हसू आले. कोणाला घरच्या भाकरीची आठवण येते, कोणाला आईची, याला वाळूची! पण तो हसला नाही. त्याच्या घराच्या मागेच वाळूचा उंच धोरा आहे. धोरा म्हणजे वाळूची टेकडी. तिथे शाळेतून आल्यावर दप्तर टाकून वरपर्यंत पळत जायचे आणि घसरत खाली यायचे, हा त्याचा रोजचा खेळ. पुढे काकांच्या जीपवर बसून तो त्याच धोऱ्यांवर गाडी चालवायला शिकला.

इंदूरकर म्हणाला, “वाळू पाहिजे आहे ना? मग मैयाकडे चल. जैसलमेर कशाला?” मैया म्हणजे नर्मदा. सहल ठरली ती अशी.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. नऊ दिवसांच्या कडक उन्हाला तिकडे ‘नौतपा’ म्हणतात; तो नुकता लागत होता. म्हणून लवकर निघून उन्हाआधी वाळूवर पोचायचे, असा बेत केला. सिमरोलमधल्याच एकाची बोलेरो ठरवली. गाडीचा मालक आणि चालक तोच. इंदूरकडे सगळेच एकमेकांचे ‘भिया’ असतात, तसा तो आमचाही भिया झाला. गाडी जुनी घेतलेली. अजून चौदा हप्ते बाकी आहेत, हे त्याने पहिल्या पाच मिनिटांतच सांगितले. पुढे त्या चौदा हप्त्यांची आठवण आम्हाला फार झाली.

सिमरोल सोडले की थोड्याच वेळात माळव्याचे पठार संपते आणि भेरूघाट लागतो. पठाराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर. नर्मदेचे खोरे त्यापेक्षा साडेतीनशे-चारशे मीटर खाली. ही उतरण रस्ता वळणावळणांनी पार करतो. सागाची झाडे पर्णहीन उभी होती आणि हवेतला गारवा वळणागणिक कमी होत होता. भिया प्रत्येक वळणावर भेरूबाबाला हात जोडी, त्यामुळे आम्हाला स्टिअरिंगची काळजी वाटे. या मार्गावर नवा रुंद रस्ता आणि तीन बोगदे आखलेले आहेत. ते झाले की ही वळणे जुन्या लोकांच्या आठवणीतच राहतील.

या डोंगरातून पूर्वी मीटरगेजची आगगाडी जात असे. तिची कथा इंदूरकराने अभिमानाने सांगितली. दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७० मध्ये या लोहमार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. मुदत १०१ वर्षे आणि व्याज साडेचार टक्के! संस्थानिकाने इंग्रजांना कर्ज द्यायचे, आणि तेही आपल्या राज्यातून रेल्वे काढण्यासाठी, ही गोष्ट आमच्या इतिहासाच्या पुस्तकात नव्हती. महू ते ओंकारेश्वर रोड या टप्प्यावरची ती गाडी रुंदीकरणासाठी २०२३ च्या आरंभी बंद झाली. पाताळपाणी ते कालाकुंड एवढ्या घाटातल्या तुकड्यावर पर्यटकांसाठी २०१८ पासून निराळी गाडी सुरू केलेली आहे.

चोरल, बलवाडा अशी गावे मागे टाकून बडवाहला पोहे आणि जिलबी झाली. पोह्यांवर शेव घालून वर जिलबी खाणे हा तिकडचा न्याहारीचा धर्मच आहे. माझ्या कानडी मित्राने प्रथम हे मिश्रण पाहून नाक मुरडले होते. आता तो आमच्यापेक्षा एक बशी जास्त खातो. मग मोरटक्क्याचा पूल आला. भियाने गाडी हळू केली, खिशातून नाणे काढून पाण्यात टाकले आणि “नर्मदे हर!” अशी आरोळी ठोकली. आम्हीही ठोकली. अमरकंटकपासून भडोचजवळच्या समुद्रापर्यंत १३१२ किलोमीटर वाहणारी ती नदी खाली पसरली होती. पाणी एका काठाला सरकलेले, आणि बाकीच्या पात्रात पिवळसर वाळू. बाडमेरकराने काचेतून मान बाहेर काढली. त्याच्या चेहऱ्यावर आम्ही प्रथमच हसू पाहिले.

पुलापासून खाली काही अंतरावर एका गावातून वाळूवर उतरायला गाडीवाट आहे. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. का ते पुढे कळेल. वाळूच्या तोंडाशी भिया थांबला. “इथून पुढे पायी,” तो म्हणाला. बाडमेरकर खाली उतरला. त्याने चपला काढल्या, वाळूत थोडे चालून आला, मूठभर उचलून बोटांतून सोडली, टाच रोवून पाहिली आणि म्हणाला, “भिया, हवा कमी करू या. वरच्या बाजूने गाडी जाईल. तुम्ही म्हणाल तिथे थांबू.” भियाने क्षणभर त्याच्याकडे पाहिले, मग गाडीतून हवा मोजायचा काटा काढून दिला.

वाळूवर गाडी कशी चालते हे आम्ही विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी त्या दिवशी त्याच्याकडून शिकलो. रस्त्यावर टायरात तीस-बत्तीस पौंड हवा असते. ती सोळा-सतरापर्यंत उतरवायची. टायर बसका होतो, त्याचा जमिनीवरचा ठसा लांब-रुंद होतो आणि गाडीचे वजन जास्त जागेवर वाटले जाते. उंटाचा पाय जसा! दुसरा नियम, ब्रेक मारायचा नाही; ब्रेक मारला की चाकापुढे वाळूचा बांध तयार होतो. गाडी आपोआप थांबू द्यायची, आणि थांबायचे तेही उतारावर, म्हणजे पुन्हा निघणे सोपे. तिसरा, चढ चढायचा तर सरळ नाकासमोर. आडवे गेले की गाडी कलंडते. चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा, चाक जागच्या जागी फिरू लागले की पाय काढायचा. जो जोर करील तो खड्डा खणील.

मी नंतर वाचनालयात शोधले, तेव्हा कळले की हीच विद्या राल्फ बॅगनोल्ड नावाच्या इंग्रज लष्करी अभियंत्याने १९२० नंतरच्या दशकात लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड मोटारी घालून सिद्ध केली होती. तोही टायरमधली हवा काढी आणि रुतलेल्या चाकाखाली घालायला पोलादी पट्ट्या बरोबर नेई. वाऱ्याने उडणाऱ्या वाळूवर त्याने १९४१ मध्ये लिहिलेला ग्रंथ आजही त्या विषयाचा पाया मानला जातो. आमच्या बाडमेरकराने बॅगनोल्डचे नाव ऐकलेले नव्हते. त्याला हे काकांनी सांगितले होते, आणि काकांना कोणी सांगितले ते त्याला ठाऊक नव्हते.

पहिली फेरी त्याने मारली. भिया शेजारी, आम्ही तिघे मागे. नर्मदेच्या काठी काही थरच्या वाळवंटासारख्या टेकड्या नाहीत. उन्हाळ्यातल्या पश्चिमेच्या वाऱ्याने पात्राच्या कडेला रचलेले पुरुषभर उंचीचे उंचवटे, एवढेच. पण आम्हाला तेवढे पुरे होते. गाडी उंचवट्याच्या पायथ्याशी आली की पुढे नुसती वाळू दिसे. वर चढली की नुसते आकाश. आणि माथ्यावरून पलीकडे झुकली की पोटात खड्डा पडे. इंजिनाचा आवाज दबलेला, चाकांचा आवाजच नाही. होडीत बसल्यासारखे वाटे. माझा कानडी मित्र “अय्यय्यप्पा!” असे ओरडत होता आणि इंदूरकर गजाननाचा धावा करीत होता. बाडमेरकर मात्र शांत. वाळूचा रंग आणि पोत पाहून तो गाडी वळवी. वाऱ्याकडची बाजू घट्ट असते, आडोशाची भुसभुशीत. कोरडी वाळू साधारण चौतीस अंशांपेक्षा जास्त उतार धरीत नाही, घसरू लागते. हे आम्ही प्रश्नपत्रिकेत लिहिले असते. तो ते हातांनी जाणत होता.

तिसऱ्या फेरीला त्याने एकाएकी गाडी डावीकडे घेतली आणि हळूहळू थांबू दिली. आम्हाला काही दिसेना. त्याने बोट दाखवले. पुढे वाळूत ओळीने पऱ्हाट्या रोवलेल्या होत्या, त्यांच्या पलीकडे हिरवे वेल पसरले होते आणि वेलांमध्ये काळसर हिरवी कलिंगडे. नदीच्या पात्रातच कोणाची तरी वाडी होती! हिवाळ्यात पाणी ओसरले की केवट लोक वाळूत खड्डे घेतात, त्यांत खत घालतात, बी लावतात आणि घड्याने पाणी घालून वेल वाढवतात. पावसाळा लागला की सगळे शेत नदी घेऊन जाते. पुढल्या वर्षी पुन्हा नवे. आपल्याकडे कृष्णेच्या काठी अशी शेती पाहिलेल्यांना हे नवे वाटणार नाही. “माणसाचे शेत आहे. इथून पुढे नाही,” असे म्हणून त्याने किल्ली काढून भियाच्या हातात दिली.

इथवर सारे छान चालले होते. दहाच्या सुमारास आम्ही वाळूवर बसून शिदोरी सोडली. भिया मात्र बसेना. नदी समोर दिसली की गाडी धुतलीच पाहिजे, ही त्याच्या धंद्यातली श्रद्धा. पाण्याच्या कडेची वाळू ओलसर आणि सपाट, रस्त्यासारखी घट्ट दिसत होती. आम्ही पुरी तोंडात घालतो तोच तो गाडी घेऊन खाली गेला. बाडमेरकर उठून हात हलवू लागला, पण तोवर गाडी पाण्यापासून दहा-बारा हातांवर पोचून थांबली होती. आणि थांबली ती थांबलीच. मागची चाके फिरली, पाणी आणि वाळू उडाली, गाडीचे बूड टेकले.

इंदूरकर ओरडला, “गाडी फसली!” त्याच्या मराठीत याचा अर्थ गाडी रुतली. आमच्या मराठीत याचा अर्थ गाडीची फसवणूक झाली. दोन्ही अर्थ खरे होते.

ओलसर वाळू घट्ट असते हे खरे. कणांमधले थोडेसे पाणी त्यांना धरून ठेवते. लहानपणी आपण किल्ले करतो ते त्याच्याच जोरावर. पण वाळूत पाणी पुरते भरले की कण एकमेकांपासून सुटतात, आणि वरून चाकाचा थरथराट बसला की ती वाळू पातळ होते. वाळवंटात बाडमेरकराने असली वाळू पाहिली नव्हती. “ही आमची रेती नाही,” तो म्हणाला. त्याची विद्या इथे संपली होती.

एवढ्यात वाडीतून एक म्हातारे बाबा आले. मागून त्यांचा मुलगा आणि सून. बाबांनी गाडीकडे पाहिले नाही, आमच्याकडे पाहिले नाही. पाण्याच्या कडेशी जाऊन एक काडी रोवली आणि उकिडवे बसून राहिले. आम्हाला हे गूढ वाटले. पाच-सात मिनिटांनी काडीच्या भोवती पाणी आले. बाबा उठून म्हणाले, “मैया वाढते आहे. वरून पाणी सुटले असेल. दुपारपर्यंत इथे कमरेइतके होईल.”

नर्मदेवर वर मोठी धरणे आहेत. इंदिरासागरचे वीजघर १००० मेगावॅटचे, त्याच्या खाली ओंकारेश्वरचे ५२० मेगावॅटचे. विजेची मागणी वाढली की जनित्रे सुरू होतात आणि त्यांतून निघालेले पाणी नदीला मिळते; मागणी उतरली की नदीही उतरते. म्हणजे समुद्राला भरती-ओहोटी चंद्रामुळे, तर या नदीला माणसांच्या पंख्या-दिव्यांमुळे. बाबांना हे सगळे पाठ होते. कोणत्या वेळी किती पाणी येते हे ते काडीवर मोजत. त्यांनीच धाराजीचे नाव काढले. ७ एप्रिल २००५ च्या रात्री, भुतडी अमावास्येच्या जत्रेला देवास जिल्ह्यातल्या धाराजी येथे नर्मदेच्या पात्रात हजारो माणसे उतरली होती. इंदिरासागरचे पाणी अंधारात त्यांच्यावर आले आणि साठांहून अधिक माणसे गेली. पुढे ओंकारेश्वरच्या जलाशयात ते धाराजीही बुडाले. हे सांगताना बाबांचा आवाज चढला नाही. “म्हणून काडी रोवतो,” एवढेच ते म्हणाले.

भिया गाडीच्या पायरीवर बसला होता. तो बोलत नव्हता. चौदा हप्त्यांचा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर वाचता येत होता. ट्रॅक्टर आणायचा तर गावात जाऊन शोधायला तासभर तरी लागणार. बाबांच्या मुलाने दोन फावडी आणली, नावेची एक फळी आणली. आम्ही चाकांपुढची वाळू उतार काढून उपसू लागलो. जेवढी उपसावी तेवढी बाजूने येई. फळीवर जॅक ठेवून एकेक चाक उचलायचे ठरले. पण चाकाखाली घालायचे काय? दोन रिकामी पोती मिळाली, ती अपुरी पडली. तेव्हा बाबांची सून काही न बोलता वाडीकडे गेली आणि कुंपणाच्या पऱ्हाट्या उपटू लागली.

आम्ही “नको, नको” म्हणत राहिलो. ते कुंपण उडती वाळू आणि मोकाट गुरे अडवण्यासाठी होते. बाबा म्हणाले, “पऱ्हाटी पुन्हा रोवता येते. गाडी वाहून गेली तर पुन्हा आणता येईल का?” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. मग आम्हीही पळत गेलो आणि भारे वाहून आणले. पाणी आता पुढच्या चाकांपाशी खेळत होते. टायरांतली हवा आणखी उतरवली. पऱ्हाट्यांचा जाड थर, वर पोती. भियाने किल्ली बाडमेरकरापुढे धरली. तो म्हणाला, “गाडी तुमची, चाक तुम्हीच धरा. मी पुढे उभा राहून सांगतो. मी हात खाली केला की पाय काढायचा.” या एका वाक्याने भिया पुन्हा माणसात आला.

पहिला प्रयत्न फसला (मराठी अर्थाने). दुसऱ्या वेळी गाडी हातभर सरकून थांबली. तिसऱ्या वेळी पाचजण मागून, “नर्मदे हर!” असा एकच गजर, चाके पऱ्हाट्यांवर चढली, काड्या कडाकड मोडल्या, आणि गाडी हळूहळू, एखाद्या आजारी म्हशीसारखी, कोरड्या वाळूवर येऊन उभी राहिली. माझा कानडी मित्र तोंडावर पालथा पडला होता. उठला तेव्हा त्याला दाढी-मिशा सर्व काही वाळूचे आले होते. “उसुकु, उसुकु!” असे म्हणत तो थुंकत होता. बाबांची सून पदर तोंडाला लावून हसत होती. अर्ध्या तासाने पाहिले तेव्हा गाडी रुतली होती ती जागा पाण्याखाली गेली होती. काडी तर दिसतच नव्हती.

आम्ही पैसे काढले. बाबांनी हात जोडले. पुन्हा पुढे केले तेव्हा ते जरा रागावले. मग बाडमेरकर म्हणाला, “चला, कुंपण रोवू या.” भर बाराच्या उन्हात, डोक्याला पंचे गुंडाळून आम्ही पाचजणांनी (भिया धरून) वाडीचे कुंपण पुन्हा उभे केले. मोडलेल्या पऱ्हाट्यांच्या जागी काठावरून नव्या आणल्या. वाळू इतकी तापली होती की चप्पल निसटली की माणूस उडी मारी. दोन ठिकाणी आमची रांग वाकडी झाली. बाबांनी ती न बोलता सरळ केली.

काम संपल्यावर त्यांनी एक मोठे फळ फोडले. लाल, गार, वाळूत पुरून ठेवलेले. मी म्हणालो, “वा, काय कलिंगड आहे!” माझा मित्र म्हणाला, “कल्लंगडी!” इंदूरकर म्हणाला, “तरबूज.” बाडमेरकर म्हणाला, “आमच्याकडे रेतीतल्या फळाला मतीरा म्हणतात,” आणि मतीऱ्याच्या एका वेलावरून १६४४ मध्ये बिकानेर आणि नागौर यांच्यात लढाई झाल्याची कथा त्याने सांगितली. वेल एका राज्याच्या हद्दीत उगवला आणि फळ दुसऱ्याच्या हद्दीत धरले, म्हणून लढाई! बेळगावच्या दोघांनी, म्हणजे मी आणि माझ्या मित्राने, एकमेकांकडे पाहिले. पण कलिंगड आणि कल्लंगडी हे दोन शब्द कोणाच्या हद्दीतले, हा वाद आम्ही घातला नाही. फळ संपत आले होते.

चारही टायरांत पायाच्या पंपाने पुन्हा हवा भरताना जो घाम निघाला, त्याचे वर्णन करीत नाही. तीनच्या सुमारास आम्ही सनावद, मिरचीच्या बाजारासाठी नावाजलेले बेडिया, अशा वाटेने रावेरखेडीला पोचलो. थोरल्या बाजीरावांचे २८ एप्रिल १७४० रोजी इथेच, नर्मदेच्या तीरावर देहावसान झाले. वय अवघे एकोणचाळीस. दगडी आवारात त्यांची साधी समाधी आहे. ती राणोजी शिंद्यांनी बांधवली असे सांगतात. आवारात आम्ही पाचजण आणि एक कुत्रे, याशिवाय कोणी नव्हते. गंमत अशी की, या बाजीरावांच्या १७२८ च्या पालखेडच्या मोहिमेची वाखाणणी ज्या माँटगोमेरीने आपल्या युद्धेतिहासात केली, तो सेनापती स्वतः १९४२ मध्ये एल अलामीनच्या वाळवंटात लढला होता. वाळूत फौजा हलवणे म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नसणार.

आवाराबाहेर येऊन आम्ही नदी पाहत उभे राहिलो. उत्तरेकडे जाणारी मराठ्यांची फौज पुन्हा पुन्हा ही नदी ओलांडीत असे. त्या काळी पूल नव्हते. उतार कोठे आहे, घोड्याचा पाय कोठे टिकेल आणि कोठे जाईल, हे कोणा ना कोणा केवटाला विचारूनच पुढची पावले पडली असतील. इतिहासात त्या केवटांची नावे नाहीत. सकाळी काडी रोवणारे बाबा डोळ्यांपुढून हलेनात, म्हणून हे मनात आले. भिया समाधीला हात जोडून आला आणि हळूच म्हणाला, “आज गाडी गेली असती.” कोणीच काही बोलले नाही.

परतताना सनावदच्या पुढे अंधार पडला. पूल आला तेव्हा नदीचे पात्र सकाळपेक्षा रुंद दिसत होते. पिवळी वाळू अर्धीच उरली होती. घाट चढून सिमरोलला आलो. संस्थेचे सगळे दिवे लागलेले, आमच्या प्रयोगशाळेतली थंड हवेची यंत्रे दिवसभर चालूच होती. ती बंद करावीत असे मी म्हणत नाही. त्यांच्याशिवाय आमची उपकरणे चालणार नाहीत. पण आता बटण दाबताना वाळूतली ती काडी दिसते, एवढे मात्र खरे. पाणी आता कोठपर्यंत आले असेल, कुंपणाच्या खालच्या रांगेला लागले असेल का, असे उगाच मनात येते. बाडमेरकर तर दर दोन दिवसांनी विचारतो, “बाबांची वाडी टिकली असेल ना?” त्या गावाचे नाव मी का दिले नाही, ते आता कळले असेल. वाळूवर गाडी घालण्याच्या हौसेने उद्या दहा गाड्या तिथे उतरल्या, तर वेल आणि वाट यांतला फरक सांगायला प्रत्येक गाडीत बाडमेरचा माणूस असेलच असे नाही.

जाता जाता एक सूचना. हीच सहल माझा मित्र या अंकाच्या कानडी विभागात लिहिणार आहे. तो तोंडावर पडला तो प्रसंग तो गाळील, आणि पोह्यांच्या तीन बशा कोणी खाल्ल्या याविषयी वेगळेच काही लिहील, असा मला दाट संशय आहे. दोन्ही विभाग वाचता येणाऱ्या वाचकांनी ताळा करून पाहावा.